फोटो आणि शूटिंग: एका कॅमेऱ्याची कुळकथा

सातारा-सांगलीच्या लग्नांत पूर्वी सुपारी दोघांना द्यावी लागे: एक फोटोग्राफर, दुसरा शूटिंगवाला. शूटिंगवाल्याच्या मागे हॅलोजन धरून एक पोरगा, आणि स्टेजभर वायर. आज मेणवलीच्या घाटावर प्री-वेडिंगला उभ्या जोडप्याचे फोटो आणि क्लिपा एकाच कॅमेऱ्यातून निघतात.

तसं पाहिलं तर हे घराणं मुळात एकच. मुंबईचे सावेदादा भाटवडेकर फोटोग्राफर होते. इंग्लंडहून चलतचित्राचा कॅमेरा मागवून त्यांनी 1899 साली चित्रित केली ती कुस्ती. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाआधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला होता. ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट त्यांनी ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत जमवला. पुढे यंत्रं वेगळी झाली आणि धंदेही.

वाटणी मिटली 2008 साली. ऑगस्टमध्ये निकॉन डी-90 हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर जाहीर झाला, आणि पुढच्याच महिन्यात कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू. कॅननचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. हँडीकॅममध्ये कार्यालयातले पंखे, खुर्च्या, पाहुणे सगळेच स्पष्ट दिसत. इथे लेन्स उघडी ठेवली की मागचा पसारा विरघळून नवरीचा चेहरा तेवढा उरे. ‘सिनेमॅटिक’चं वेड लागलं ते यामुळे. उणिवाही होत्या. क्लिप साधारण बारा मिनिटांत थांबे. आपल्याकडच्या, सेकंदाला 25 चौकटींची सोय आणि आवाज हाताने बेतण्याची मुभा 2010च्या फर्मवेअरने दिली.

तरी एक पेच यंत्राला सुटलेला नाही. अक्षता पडतात तेव्हा फोटोवाला शटर बरंच जलद ठेवतो, म्हणजे दाणा न् दाणा हवेत थिजतो. व्हिडिओला 25 चौकटींसाठी 1/50 सेकंदाचं शटर लागतं. तिथे दाण्यांच्या रेघा उमटतात, आणि पडद्यावर त्याच बऱ्या दिसतात. त्या क्लिपमधून चौकट काढून अल्बमला लावायची, तर रेघा तर येतातच, शिवाय फुल एचडीत जेमतेम दोन मेगापिक्सेल हाती लागतात. अल्बमच्या 12 बाय 36 इंची पानाला ते पुरत नाहीत.

म्हणून प्री-वेडिंग एकट्याने निभावतं, कारण तिथे जोडप्याला पुन्हा चालायला सांगता येतं. मुहूर्ताच्या अक्षता पुन्हा टाकायला कोण सांगणार? दोन्ही नीट हवं असेल, तर स्टेजसमोर दोन माणसं लागतातच. फरक इतकाच, की आता दोघांच्या हातात सारखाच कॅमेरा असतो.