अंगठ्याला तीस टक्के

कामगाराचा अंगठा मशीनमध्ये गेला की कायदा हिशेब मांडतो. अंगठा 30 टक्के. तर्जनी 14. मधलं बोट 12. करंगळी 7. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला तर 40. कान ठार बंद पडले तर 100. चेहरा अतिशय विद्रूप झाला तरी 100. मिलमधल्या जुन्या माणसांना हा तक्ता पाढ्यासारखा पाठ असतो. मी त्यात डोकं शोधत बसलो. म्हणजे कवटी नव्हे, कवटीच्या आतलं. भीती, झोप उडणं, एकटेपणानं माणूस खचत जाणं. त्याचा आकडा तक्त्यात नाही.

कायदा 1923 चा, लागू झाला 1 जुलै 1924 ला. आकडे पुढं बदलले, पण कामावर अपघात झाला पाहिजे आणि त्यातून दुखापत झाली पाहिजे हा सांगाडा तोच राहिला. त्याच काळात आमच्या मुळशी तालुक्यात टाटांचं धरण उठत होतं. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले. नेरं त्याच तालुक्यातलं, पण पुण्याकडच्या अंगाला. धरणाचा लढा जमिनीचा होता, आणि तो खराच होता. पण ज्याच्या नावावर वावरच नाही, त्यानं जमीन मागायची का भरपाई? त्याच्या वाट्याला दोन्हीतलं काय येणार होतं?

एकांतातलं काम कुणाच्या वाट्याला येतं, हे आम्हाला पुस्तकात वाचावं लागत नाही. गावाच्या वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर महार. पाटलाचा निरोप घेऊन अंधारात पुढच्या गावाला जाणारा महार. मेलेलं जनावर ओढणारा महार. मोबदला बलुत्याचा, म्हणजे मागून आणलेली भाकर. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायचं बिल मांडलं, ते याच कामाला ठरलेला मोबदला मिळावा म्हणून. वतनं कायद्यानं मोडायला 1958 उजाडलं. तोवर कितीजण रात्री जागून जागून भ्रमिष्ट झाले, त्याची नोंद कोण ठेवणार? ‘बाहेरचं लागलं’ म्हणायचे आणि अंगारा लावायचे. हीच ती भरपाई.

आता शहरातला राखणदार घ्या. मुंबई पोर्ट ट्रस्टचा एक वॉचमन होता, हृदयाचा रोगी. ड्यूटीवर असताना छातीत दुखू लागलं आणि तो मेला. त्याच्या बायकोचा दावा हायकोर्टात गेला. निकाल 1954 च्या कायद्याच्या रिपोर्टात छापला आहे. मुख्य न्यायाधीश छागला म्हणाले, रोग आधीचा असला तरी कामाच्या ताणानं मरण लवकर आलं असेल तर मालक सुटत नाही. हा निकाल मोठा. ‘ताण’ हा शब्द मुंबईच्या कोर्टानं मान्य केला. पण लक्षात घ्या, तो कधी मान्य केला? हृदय बंद पडल्यावर. ताण शरीरात उतरून माणूस मेला, तेव्हा.

नाही उतरला तर? त्याचं उत्तर ‘द्वारका’ जहाजावरच्या खलाशाच्या खटल्यात आहे. हा खटला मी दोनदा वाचून घेतला. 13 डिसेंबर 1961 ला तो म्हणाला, छातीत दुखतंय. डॉक्टरनं तपासलं, काही सापडलं नाही, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी कामावर हजर. 15 तारखेला परत आला. छातीत दुखतंय आणि झोप लागत नाही. गुंगीच्या गोळ्या दिल्या. जहाज इराणच्या आखातात. 16 तारखेला पहाटे अडीचला तो वर कप्तानाच्या पुलाजवळ फिरताना दिसला, त्याला परत पाठवला. तीनला खालच्या डेकवर एकाला म्हणाला, झोपायला चाललोय. सव्वासहाला तो जहाजावर नव्हता.

बापानं मुंबईत नुकसानभरपाईचा दावा लावला. कमिशनर स्वतः जहाज बघून आले. वादळ नव्हतं, कठडा साडेतीन फुटांहून उंच. दावा फेटाळला. हायकोर्टानं बापाच्या बाजूनं दिला. ऑगस्ट 1969 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला: कामामुळं झालेल्या अपघातात मेला असं मानायला पुरावा नाही.

पुराव्याच्या कायद्यानं बघितलं तर निकाल चुकला असं मी म्हणणार नाही. पण बापानं दावा अपघाताचाच का लावला? कारण दुसरं दारच नव्हतं. घरापासून हजार मैलांवर, पाण्याच्या मधोमध, पोराची झोप उडाली, हे मालकाच्याच वहीत लिहिलेलं होतं. तरी ती दुखापत ठरत नव्हती. पडला की उडी टाकली, ते पाण्यानं ठेवून घेतलं.

पुढचे निकालही असेच हेलकावे खातात. 2006 साली एका गाडीवरचा क्लीनर हृदय बंद पडून मेला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ताण कामाचाच होता हे सिद्ध करा. आईला काही मिळालं नाही. 2012 साली दिल्लीहून 1152 किलोमीटरवर गाडी नेणारा ड्रायव्हर वाटेत मेला, त्याच्या घरच्यांना मिळालं. लांबची वाट कोर्टाला दिसली. तिथंही माणूस मेलेला होताच.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 2010 साली कामाच्या रोगांच्या यादीत मनाचे आजार घातले. आपल्याकडं 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्या पोटात गेला. तिच्या यादीत शिसं आहे, पारा आहे, फॉस्फरस आहे. मन नाही.

हिंजवडीच्या पलीकडं, नेऱ्याच्या अंगाला आता टॉवर उठतायत. रात्री पत्र्याच्या खोलीत एकटा वॉचमन. कुठल्या जिल्ह्यातून आला, कुणी विचारत नाही. हातात रजिस्टर: गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली. झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, तर भावा, सरकारी दवाखान्यात जा आणि केसपेपर काढ. त्यावर तारीख लिहून घे, आणि रात्रपाळी करतोस हेही डॉक्टरला लिहायला लाव. एक झेरॉक्स घरी पाठव.