'पॉझिटिव्ह' म्हणजे काय? सिकलसेल, जात आणि न समजलेला कागद

सिकलसेलच्या तपासणीचा कागद हातात पडतो तेव्हा त्यावरचा एकच शब्द घरच्यांच्या लक्षात राहतो: 'पॉझिटिव्ह'. अमरावती असो की अकोला, वऱ्हाडातल्या आपल्या वस्त्यांमध्ये या शब्दापायी जमलेली सोयरीक तुटते, पोरीला नावं ठेवली जातात, आणि कित्येकदा ती पोर आजारी नसतेच. म्हणून या कागदाचा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे.

आधी कागद समजून घेऊ. बोट टोचून जी पहिली तपासणी होते, तिला सोल्युबिलिटी म्हणतात. ती रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. ते आईबापांपैकी एकाकडून आलं की दोघांकडून, हे तिला सांगता येत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये किंवा एचपीएलसीमध्ये कळतं. 'एएस' म्हणजे वाहक. तो नांगर धरतो, पोलीस भरतीत पळतो, बहुतेकदा त्याला आयुष्यभर काही होत नाही. 'एसएस' म्हणजे रुग्ण. त्याची हाडं-सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी होतं. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेतात आणि सांधे दुखले की वात म्हणून तेल चोळतात. त्यात वर्षं जातात. दोन्ही कागदांवर पहिल्या दिवशी शब्द मात्र तोच असतो, पॉझिटिव्ह. एचआयव्ही आणि कोरोनानंतर या शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात पक्का झालेला आहे: रोग लागला, आता दुसऱ्यालाही लागेल. सिकलसेल कोणाचा कोणाला लागत नाही.

हा घोळ फक्त आपला नाही. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या आजाराचं पहिलं वर्णन छापलं. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला कृष्णवर्णीय तरुण, वॉल्टर नोएल. पुढे अमेरिकेत हा 'काळ्यांचा आजार' ठरला. इतका की गोऱ्या माणसात सापडला तर त्याच्या वंशात काळं रक्त शोधायचे! हिमोग्लोबिनातच फरक असतो हे 1949 साली दाखवणारे लायनस पॉलिंग नोबेलविजेते होते. त्यांनीच 1968 मध्ये सुचवलं की वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू चांगला असेल. पण गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेल्यांच्या वारसांना कपाळावरच्या खुणेचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

1971 मध्ये ब्लॅक पँथर पक्षानं स्वतःच्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली. सरकार लक्ष देत नाही तर आम्ही देतो, असा तो बाणा होता. 1972 मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय कायदा झाला. पण त्याच काळात अनेक राज्यांनी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले आणि त्यात वाहक व रुग्ण यांची सरमिसळ झाली. धडधाकट वाहकांना विम्याचे जास्त हप्ते लागले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या अकादमीचं दार तर वाहकांना 1981 पर्यंत बंद होतं. तपासणी पुढे गेली आणि समज मागं राहिली, त्याची ही किंमत.

त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांच्याकडून नाव घेतलं, भाषेतला जाळ घेतला. रक्ततपासणीची गोष्ट मात्र आपल्या सभांमधून फारशी सांगितली गेली नाही. खरं तर गरज इथंही होती. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी, 1958 मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला होता. नंतरच्या तपासण्यांत विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात, कुणबी-तेल्यांत, गोंडांत, मेळघाटच्या कोरकूंत वाहक सापडत गेले.

मग हा 'आपल्या जातीचा' आजार का? तर नाही. 1954 मध्ये अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथं मलेरिया होता तिथं हे जनुक टिकलं, म्हणून ते ग्रीसमध्ये आहे आणि अरबस्तानातही. आपल्याकडे ते ठरावीक जातींत साचून राहिलं, त्याचं उत्तर मात्र बाबासाहेबांकडे आहे. 9 मे 1916 रोजी कोलंबियात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचं मर्म सांगितलं ते पोटातल्या पोटात लग्न करण्याच्या बंधनात. आता हिशोब करा. धरून चाला की एका समाजात शंभरात वीस वाहक आहेत. लग्नं आतल्या आतच झाली, तर दर पंचवीस जोडप्यांत एक जोडपं दोघंही वाहक असणार, आणि त्यांच्या प्रत्येक बाळंतपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक. तेच लग्न शंभरात एकच वाहक असलेल्या समाजात झालं, तर असं जोडपं पाचशेत एक. जनुक त्यानं नाहीसं होत नाही, वाहक राहतीलच. पण आजारी जन्मणारी लेकरं कमी होतील. आंतरजातीय लग्नाच्या बाजूनं आपण इतकी भाषणं करतो, त्यांत हा हिशोब का नसतो? उलट परिचय मेळाव्यात 'पॉझिटिव्ह' मुलीचा बायोडाटा बाजूला टाकणारेही आपलेच. मुलानं तपासणी केली का, हे कोणी विचारत नाही. 'एए' मुलानं 'एएस' मुलीशी लग्न केलं तर एकही मूल 'एसएस' होणार नाही!

1 जुलै 2023 ला केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं तिचं लक्ष्य. मोहिमेचा भर आदिवासी भागावर आहे. धारणी-चिखलदऱ्याला तो हवाच. पण अकोला-अमरावती शहरांतल्या बौद्ध वस्त्या आदिवासी भागात मोडत नाहीत, म्हणून तिथली तपासणी आपणच मागून घ्यावी लागेल. आणि तपासणीबरोबर मराठीत लिहिलेला अहवालही मागा. त्यावर 'पॉझिटिव्ह' नको. 'वाहक, आजारी नाही' किंवा 'रुग्ण, औषध सुरू करा' असं लिहा म्हणावं. रुग्णासाठी हायड्रॉक्सियुरिया आहे, फॉलिक अ‍ॅसिड आहे, भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं असतं. ते का आणि किती दिवस, हे आईला तिच्या भाषेत सांगणारं कोणी तरी लागतं. ते काम आपल्या विहारात रविवारी होऊ शकतं.

आणखी एक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत सिकलसेलचा आजार आहे. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागांवर त्या मुलाचा हक्क आहे. सरकारी नोकरीतल्या चार टक्क्यांत मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत, आणि त्यावर निवेदन देण्याचं काम अजून बाकी आहे.