संमती आणि आकलन : रुग्णाच्या निर्णयशक्तीचा इतिहास

रुग्णास स्वतःच्या उपचारांविषयी निर्णय घेण्याची क्षमता आहे किंवा नाही, हा प्रश्न अलीकडचा मानला जातो. वस्तुतः त्याची कसोटी १८६० च्या भारतीय दंडसंहितेतच सापडते. तिच्या ९० व्या कलमानुसार, मनोविकृतीमुळे वा नशेमुळे आपण कशास संमती देत आहोत व तिचा परिणाम काय, हे ज्याला उमजत नाही त्याची संमती ही संमतीच नव्हे. येथे भर माणसाच्या वर्गावर नसून आकलनावर आहे, हे लक्षणीय होय.

प्रत्यक्ष व्यवहार मात्र निराळा होता. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत प्लेगच्या रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा हुकूम निघाला; मग रुग्ण भानावर आहे काय, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. २९ ऑक्टोबरला गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. हा निव्वळ अडाणीपणा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु प्लेगवर तेव्हा खात्रीचा उपचार नव्हता, आणि तेथे नेलेले बहुतेक परतत नसत. इस्पितळाची धास्ती अनुभवास धरूनच होती.

१९१२ च्या कायद्याने तर ‘ल्युनॅटिक’ अशी माणसांची एक जातच ठरविली. तो १९८७ च्या कायद्याने रद्द झाला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे चौथे कलम पुन्हा आकलनाकडे वळले : माहिती समजणे, परिणाम ध्यानी येणे, अथवा निर्णय बोलून, हावभावाने, खुणेने कळविता येणे. निर्णय इतरांस चुकीचा वाटला, एवढ्यानेच क्षमता नाही असे ठरत नाही. माहिती रुग्णास समजेल अशा सोप्या भाषेत दिली पाहिजे, हेही त्यात आले.

भाषाभ्यासकाचे काम येथे सुरू होते. एडवण-केळव्याच्या किनारपट्टीत वाडवळी, मांगेली या बोली नांदतात. पूर्वेस डोंगराकडे वारली. तेथील रुग्ण पालघरला वा मुंबईस जातो, तेव्हा प्रश्न प्रमाण मराठीत येतात, संमतिपत्र बहुधा त्याहूनही अवघड भाषेत. तो गप्प राहिला तर ते आकलनाचा अभाव की परभाषेचा संकोच? ‘घरचे सांगतील तसं’ हे उत्तरही असमर्थता नव्हे. निर्णय कोणावर सोपवावा, हाही एक निर्णयच आहे. तो त्याने स्वतः केला, की त्याच्या वतीने गृहीत धरला गेला, हे त्याच्याच बोलीत पुन्हा विचारल्यावाचून कळणार नाही.