पावसाळा आणि काडतूस

कर्जतच्या पूर्वेस आंबिवलीवरून पेठ गावाकडे चढून गेले की कोथळीगडाचा सुळका समोर येतो. सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना, कातळातली गुहा, पाण्याची टाकी आणि तोफा असा हा लहानसा किल्ला. मराठ्यांच्या काळात येथे शस्त्रे व दारूगोळा ठेवीत. १६८४ मध्ये तो मोगलांच्या हाती गेला. ही माहिती इतिहासाच्या पुस्तकांत मिळते. आपण येथे एक निराळा प्रश्न विचारू. कर्जत-खालापूर भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा ठिकाणी बंदुकीची दारू कोरडी कशी ठेवीत असतील? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचा माग काढीत गेले, तर आपण १८५७ च्या उठावापर्यंत आणि पुढे धातुशास्त्रापर्यंत जाऊन पोचतो.

तोड्याची बंदूक भरणे हे ती बाळगणाऱ्याचेच काम असे. शिंगातून मोजून दारू नळीत ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायचे, कानावर थोडी रंजक घालायची आणि जळत्या तोड्याने बत्ती द्यायची. गोळ्याही घरीच ओतता येत. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे त्याला भट्टी लागत नाही, चूल पुरते. साचा, गज, शिंग आणि नळी पुसण्याची चिंधी एवढाच सरंजाम. त्याची देखभाल घरच्या घरी होई. बिघाड व्हायचा तो बहुधा दारूत.

ही दारू म्हणजे शोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण. शुद्ध शोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हवेतील ओलावा फारसा ओढून घेत नाही. पण मातीतून काढलेल्या शोऱ्यात इतर क्षार मिसळलेले असत आणि ते ओलावा ओढतात. कोळसाही सच्छिद्र असल्याने ओल धरतो. एकदा ओल शिरली की शोरा विरघळतो आणि वाळताना त्याचे वेगळे स्फटिक होतात. मग दारू पुन्हा वाळवली, तरी मिश्रण पूर्वीसारखे एकजीव राहत नाही. म्हणून ओल लागू न देणे हाच खरा उपाय होता.

हे आपल्याकडील कारभाऱ्यांना अनुभवाने पक्के ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (सुमारे १७१५) दारूखान्याविषयी सविस्तर सूचना आहेत. दारूखाना घरांपासून व सदरेपासून दूर असावा, त्याभोवती कुसू घालावे, आत गच्ची तळघर करून माचावर दारूची मडकी ठेवावी. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, मग पुन्हा मोहोर करावी. रात्रंदिवस पहारा ठेवावा. मडकी जमिनीला न टेकवता माचावर ठेवणे आणि ठरावीक दिवसांनी ऊन देणे यांत ओलाव्याविषयीचे केवढे निरीक्षण साठलेले आहे!

दारूखाना कोरडा ठेवता आला, तरी पावसात उभ्या असलेल्या शिपायाची अडचण राहिलीच. उघड्या कानावरची रंजक भिजली की बार फुकट. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे तांब्याची 'केप' आली. दारू व गोळी एकत्र गुंडाळलेले कागदी काडतूस आधीपासून होतेच. एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसाला चरबीचे वंगण लावीत. गोळी नळीत सहज उतरावी आणि कागदाला ओल लागू नये, असा त्याचा दुहेरी हेतू होता. ते काडतूस दातांनी फाडावे लागे. ही चरबी गाईची व डुकराची आहे, या समजाने शिपायांत संताप पसरला. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक होती. पण ठिणगी पडली ती ओलीवरच्या एका उपायातून.

पुढचा उपाय धातूचा. १८६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बॉक्सर आणि अमेरिकेत बर्डन यांनी मध्यभागी केप असलेल्या काडतुसांची पेटंटे घेतली. पितळ, म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त, हा यासाठी नामी धातू ठरला. बार उडताच पितळी नळकांडे फुगून नळीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरताच किंचित आकसते. म्हणून ते सहज बाहेर निघते आणि पुन्हा भरताही येते. बॉक्सर पद्धतीत केपेमागे मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे जुनी केप काढणे सोपे जाते. बर्डन पद्धतीत दोन बारीक छिद्रे असतात. गंमत अशी, की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. अमेरिकेत घरी काडतुसे भरण्याचा छंद वाढला, त्यामागे हे एक छिद्र आहे.

ओलीचा प्रश्न सुटला असे वाटले, पण पावसाळ्याने पुन्हा गाठले. हिंदुस्थानातील इंग्रज फौजा पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवीत. पाऊस सरल्यावर पाहावे, तो कित्येक पितळी काडतुसांना चिरा! या प्रकाराला 'ऋतूची तडक' अशा अर्थाचे नाव पडले. उलगडा झाला १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी तो केला. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत तांब्यावर क्रिया करीत होता. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया घातला की गडद निळा रंग येतो, तीच ही अमोनिया व तांब्याची जवळीक. पण अमोनिया एकटा पुरेसा नसतो. साच्यातून ओढून आकार दिलेल्या पितळात ताण कोंडून राहतो आणि तेथेच चीर वाढत जाते. उपाय म्हणजे पितळ बेताने तापवून हा ताण उतरवणे. पुन:पुन्हा भरलेले काडतूसही तोंडाशी चिरते, ते धातू दर वेळी फुगून व दाबला जाऊन कठीण होतो म्हणून.

साच्यातून पितळ ओढणे आणि केपेतले नाजूक रसायन हाताळणे ही चुलीवरची कामे नव्हेत. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातील शस्त्रांवर परवान्याचा बंध घातला. बार भरण्याची विद्या गावातून कारखान्यात गेली आणि तिच्यावरचा ताबा सरकारकडे. १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने याच परिसरात सरकारला आव्हान दिले, ते मुख्यतः विजेचे मनोरे कापून. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील सरकारी गोळ्यांना बळी पडले. आज १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. ते योग्यही आहे, कारण येथील चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

वर्गात यातले विज्ञान दाखवायला दारूची गरज नाही. जुलै महिन्यात जाडे मीठ एका उघड्या वाटीत आणि एका घट्ट झाकणाच्या बरणीत आठ दिवस ठेवावे. तांब्याची तार एकाच जागी वाकवत राहावे आणि ती कितव्या वेळी तुटते ते मुलांना मोजायला सांगावे. मग कोथळीगडाची सहल काढावी.