गरोदरपणात चक्कर का येते? आणि ती कधी अंगावर काढू नये?

संकष्टीचा उपास, सकाळपासून पोटात फक्त चहा आणि दगडूशेठच्या रांगेत अर्धा तास उभं राहणं. किंवा सकाळी नऊची खच्चून भरलेली पीएमपी. डोळ्यांसमोर अंधारी येते, कानात आवाज घुमतो, हातपाय गार पडतात. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं: "पोटात बाळ आहे म्हटल्यावर चक्कर येणारच!"

बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण प्रत्येक वेळी नाही.

शरीरात नेमकं काय होतं?

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हार्मोन वाढतं आणि त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. परिणामी रक्तदाब थोडा उतरतो. तो साधारण मधल्या महिन्यांत सगळ्यात कमी असतो आणि शेवटाकडे पुन्हा वर येतो. अशात बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. त्यात ऑक्टोबरचं ऊन, रिकामं पोट किंवा कढत पाण्याची अंघोळ यांची भर पडली की चक्कर ठरलेलीच.

पाचव्या महिन्यानंतर आणखी एक कारण असतं. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. डाव्या कुशीवर वळलं की बरं वाटतं, ते यामुळेच.

रक्त कमी आहे का, हे आधी बघा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर महिलांना ॲनिमिया होता, म्हणजे त्यांचं हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी होतं. त्यामुळे चक्करेसोबत दम लागत असेल, धडधडत असेल तर "अशक्तपणा आहे" म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. मात्र गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या, आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नका, तो लोहाचा परिणाम असतो.

उपासाबद्दलही बोलायला हवं. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्चच असतो, प्रथिनं आणि लोह नावापुरतं. उपास करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारा आणि निदान दूध, दाणे, राजगिरा, फळं थोड्या थोड्या वेळाने खात राहा. देव रागावणार नाही, सासूबाईंचं मात्र आम्ही सांगू शकत नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू असेल तर उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. चक्कर येऊन घाम फुटला तर लगेच काहीतरी गोड खा आणि साखर तपासा.

चक्कर आली तर

आहात तिथे बसा, लाज वाटून घेऊ नका. बसमध्ये सरळ सीट मागा. शक्य असेल तर डाव्या कुशीवर आडव्या व्हा. रांगेत उभं राहावंच लागलं तर टाचा वरखाली करत राहा, पोटऱ्या रक्त वर ढकलतात. सकाळी झटकन उठू नका. आधी कुशीवर वळा, मग बसा, मग उभ्या राहा.

कुणी बेशुद्ध पडलं तर तोंडात पाणी ओतू नका, कांदाही हुंगवू नका. कुशीवर झोपवा, गर्दी हटवा. लगेच शुद्ध आली नाही तर 108 ला फोन करा.

या वेळी थांबू नका

चक्करेसोबत रक्तस्राव, पोटात तीव्र कळा, छातीत दुखणं, सतत धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. पहिल्या तीन महिन्यांत पोट आणि खांदा दुखून चक्कर आली तर गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता असते, तिथे उशीर जिवावर बेतू शकतो. पाचव्या महिन्यानंतर जोराची डोकेदुखी, अंधुक दिसणं, चेहऱ्यावर सूज ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणं असू शकतात. पडताना पोटाला मार बसला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तरी त्याच दिवशी दाखवा.

इतर वेळी पुढच्या तपासणीपर्यंत एवढं लिहून ठेवा: चक्कर कधी आली, त्याआधी काय खाल्लं होतं, उभ्या होतात की झोपलेल्या. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. जाताना ही नोंद आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या.