झडती आणि शोध : साथनियंत्रणातील प्रशिक्षणाचा प्रश्न

साथीच्या काळात नागरिकाला शासनाचा पहिला प्रत्यय येतो तो दारावर पडणाऱ्या थापेतून. आपल्याकडील साथींच्या इतिहासात लसी, औषधे आणि कायदे यांची नोंद विपुल आहे. थाप मारणाऱ्या व्यक्तीला काय शिकवले होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दोन मोहिमांची तुलना केल्यास त्याचे महत्त्व स्पष्ट होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्यात शिक्षेची तरतूद होती, अंमलदारांना संरक्षण होते; प्रशिक्षणाचा उल्लेख नव्हता. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने घरोघरच्या तपासणीसाठी गोरे सैनिक नेमले. शिस्त त्यांच्याजवळ होती. रोगलक्षणांचे ज्ञान, लोकांची भाषा आणि घरातील रीतीभातींची जाण नव्हती. तपासणीची झडती झाली. लोक रुग्ण लपवू लागले, म्हणजे मूळ हेतूच पराभूत झाला. २२ जून रोजी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. लोकांना उपचारच नको होते, असे मात्र म्हणता येत नाही. याच पुण्यात डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात रुग्ण आणले जात होते. त्यांची सेवा करतानाच प्लेगची लागण होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या.

१९७३ च्या शरद ऋतूत देवीनिर्मूलनासाठी पुन्हा घरोघर शोध सुरू झाला. कृती तीच, पण तयारी निराळी होती. एक लाखाहून अधिक आरोग्यसेवक देवीग्रस्त मुलाचे चित्र असलेले कार्ड घेऊन घरे, शाळा आणि बाजार पालथे घालत. दुफाट्याच्या सुईने लस टोचणे थोड्याच वेळात शिकता येई. प्रत्येक फेरीनंतर काही गावांची फेरतपासणी होई आणि मासिक बैठकीत उणिवा दाखवून पुढील फेरीची पद्धत सुधारली जाई. काम हेच प्रशिक्षण झाले. या मोहिमेतही काही ठिकाणी बळजबरीने लस टोचली गेली, हे नाकारता येत नाही. तथापि मे १९७५ मध्ये देशातील अखेरचा स्थानिक रुग्ण आढळला आणि एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला.

या अनुभवाला संस्थात्मक रूप मिळण्यास विलंब लागला. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत प्रत्यक्ष क्षेत्रातील साथशोधनाचा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प २००४ मध्ये आला. २०२० मध्ये कोविडच्या साथीत आशा कार्यकर्त्या दारोदार गेल्या, तेव्हा काही ठिकाणी त्यांच्यावर हल्ले झाले आणि १८९७ च्याच कायद्यात आरोग्यसेवकांच्या संरक्षणासाठी दुरुस्ती करावी लागली.

संरक्षण आवश्यकच आहे. परंतु दार उघडते ते विश्वासाने, आणि तो कमावण्याचे शिक्षण साथ येण्यापूर्वीच द्यावे लागते. साथ दाराशी आल्यावर त्यासाठी अवधी उरत नाही.