डेंटनचा ‘डान्स बँड’

जॅझमध्ये पदवी घेण्याची पहिली सोय 1947 साली टेक्सासमधल्या डेंटन या गावी, एका शिक्षक-महाविद्यालयात झाली. कागदावर मात्र जॅझ हा शब्द नव्हता. विषयाचं नाव होतं ‘डान्स बँड’. नाचघरातलं संगीत कॉलेजात शिकवतात म्हटल्यावर जी नाकं मुरडली गेली असती, ती त्या सोज्वळ नावानं जरा सावरली.

अभ्यासक्रम आखणारे जीन हॉल स्वतः सॅक्सोफोन वाजवत, बँडांतून कमावत. याच कॉलेजात 1944 मध्ये त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला, तोही नृत्यसंगीत कॉलेजात कसं शिकवावं याच विषयावर. तीन वर्षांनी कॉलेजनं त्यांनाच बोलावून घेतलं. प्रबंध लिहिणाऱ्याच्या नशिबी असं क्वचितच येतं! बँडची तालीम हीच त्यांची प्रयोगशाळा, म्हणून ‘लॅब बँड’. पुढे बँड वाढले तशी तालमीच्या वेळेवरून त्यांची ओळख ठरली. दुपारी एकला जमणारा ‘वन ओ'क्लॉक लॅब बँड’ आजही नावाजलेला आहे.

जॅझचा वर्ग त्याआधीही भरला होता, पण जर्मनीत. फ्रँकफुर्टच्या हॉख संगीतशाळेत 1928 मध्ये संचालक बर्नहार्ड सेक्लेस यांनी तो काढला, शिकवायला हंगेरियन संगीतकार मात्याश शायबर. वर्तमानपत्रांनी झोडपलं, तरी वर्ग चालला. 1933 मध्ये नाझी आले आणि त्यांनी तो बंद केला.

डेंटनच्या कथेत मला खटकतं ते वेगळंच. ज्यांनी हे संगीत घडवलं, त्या कृष्णवर्णीयांना तिथे पदवीच्या वर्गात 1956 पर्यंत प्रवेशच नव्हता. तो मिळाला कोर्टाच्या आदेशानं. त्यांच्या स्वतःच्या कॉलेजांत जॅझ होता, पण पदवीविना. अलाबामातल्या माँटगोमेरीच्या कॉलेजचा ‘बामा स्टेट कॉलेजियन्स’ हा विद्यार्थ्यांचा बँड मंदीच्या दिवसांत गावोगाव वाजवून कॉलेजसाठी पैसे उभे करायचा. 1934 च्या सुमारास ही मुलं न्यूयॉर्कला गेली ती तिथलीच झाली. ट्रंपेटवादक अर्स्किन हॉकिन्स यांच्या नावानं तो बँड गाजला. कॉलेजची तिजोरी भरणाऱ्या त्या वादनाला पदवी मात्र नव्हती.

इंडियाना विद्यापीठात 1968 मध्ये जॅझची पदवी सुरू झाली, तेव्हा विभाग उभा करणारे डेव्हिड बेकर कृष्णवर्णीय होते. जबड्याच्या दुखापतीनं त्यांचा ट्रॉम्बोन सुटला, मग ते चेलो वाजवू लागले आणि शिकवण्यात रमले. सनी रॉलिन्स, माइल्स डेव्हिस, जॉन कोल्ट्रेन या जॅझवादकांचं ध्वनिमुद्रित वादन स्वरलिपीत उतरवून, त्यातल्या खुब्या उलगडून त्यांनी एकेकावर पुस्तक लिहिलं. रॉलिन्स यांनी स्वतः अशी कुठलीच पदवी घेतलेली नव्हती.